दोन मोती आणि खुर्दा

इ. स. १७६१ च्या जानेवारी महिन्यात पेशवे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब उत्तरेच्या वाटेवर होते. त्यांचे चुलतबंधू सदाशिवरावभाऊ व थोरले चिरंजीव विश्वासराव हे मोठी फौज घेऊन पानिपतावर अहमदशहा अब्दालीसमोर छावणी करून राहिले होते. त्या छावणीचा दक्षिणेकडील मार्ग शत्रूने रोखून धरला होता; त्यामुळे तिकडून येणारी पत्रे बंद पडली होती. अशा स्थितीत माळव्यात पेशव्यांच्या हाती एक पत्र पडले. ते कोणा सेनापतीचे नव्हते की कारभाऱ्याचे नव्हते. एका सावकाराने दुसऱ्या सावकाराला धाडलेला तो कागद होता. त्यात लढाईचा उल्लेखही नव्हता. दोन मोती गळाले, काही मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता.

पेशव्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. १४ जानेवारीला पानिपतावर जे घडले, त्याची वार्ता सुमारे दहा दिवसांत इतक्या दूर येऊन पोचली होती. राजाच्या आधी सावकाराला बातमी लागावी याचे नवल वाटायला नको. हुंडीचा व्यवहार दूरदूरच्या पेढ्यांत चाले, पेढीची पत राज्याच्या बऱ्यावाइटावर अवलंबून असे आणि म्हणून सावकारांचे जासूद सदैव वाटेवर असत. पत्र मध्येच कोणी फोडलेच, तर त्याला ते तोट्याच्या हिशेबासारखे वाटावे, हा त्या सांकेतिक भाषेचा हेतू असावा.

त्या हिशेबातील शेवटची रक्कम मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. खुर्दा म्हणजे मोड, सुटी नाणी. हा खुर्दा कोण होता? साधे शिपाई होते, पागेतील चाकरमाणसे होती, बाजारकरी आणि बुणगे होते. फौजेच्या आश्रयाने उत्तरेतील तीर्थे घडतील या आशेने निघालेले यात्रेकरू होते आणि त्यांच्या बायकामुलांचाही त्यांत समावेश होता. लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या पुष्कळच मोठी होती. नोव्हेंबरपासून ही सारी माणसे पानिपताच्या आसपास कोंडली गेली. रसद तुटली, दाणावैरण संपत आली, जनावरे मरू लागली. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, या निश्चयाने १४ जानेवारीच्या सकाळी सैन्य बाहेर पडले. दुपारपर्यंत इब्राहीमखान गारद्याच्या तोफांनी व पलटणींनी शत्रूला जेरीस आणले होते. पण विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि फौजेचा धीर खचला. पुढची कत्तल दुसऱ्या दिवशीही चालू होती. तीत मेलेल्यांचे निश्चित आकडे कोणापाशीच नाहीत. सावकाराने लिहिले ते अक्षरशः खरे होते.

जे वाचले त्यांत अठरा वर्षांचा एक तरुण होता. पुढे नाना फडणीस म्हणून जो प्रसिद्धीला आला, तो हाच. त्याने आपले छोटेसे आत्मवृत्त लिहून ठेवले आहे. एवढा मोठा मुत्सद्दी, पण पानिपताविषयी लिहिताना तो व्यूहाची वा राजकारणाची मीमांसा करीत बसत नाही. अंगावरची वस्त्रे टाकून पायी केलेले पलायन, भूक, भीती, आणि बरोबर आलेली आई पुन्हा दिसली नाही याचे दुःख, एवढेच त्याला सांगायचे आहे. रणांगणात सापडलेल्या माणसाला रणांगण दिसत नाही, पायांपुढची वाट तेवढी दिसते.

दुसरा साक्षीदार शत्रूच्या गोटात होता. काशीराज पंडित हा अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता व तहाच्या बोलण्यांत निरोपांची ने-आण त्याने केली होती. त्याने सुमारे वीस वर्षांनी फारसी भाषेत आपली हकीकत लिहिली. ती पुष्कळ शांतपणे लिहिलेली आहे. तीत उभय सैन्यांची मांडणी आहे, तशीच प्रेतांच्या राशींत चाललेल्या शोधाची कहाणीही आहे. भाऊसाहेबांचा म्हणून जो देह सापडला, तो अंगावरच्या खुणांवरून ओळखावा लागला, असे तो सांगतो.

महाराष्ट्रात मात्र पानिपत घराघरांत पोचले ते बखरींच्या द्वारे. भाऊसाहेबांच्या बखरीतील संवाद बखरकाराने स्वतः ऐकलेले असणे शक्य नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाई येथे मिळालेली १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे १८९८ साली छापली आणि बखरींतील चुका निष्ठुरपणे दाखवून दिल्या. त्यांचे करणे योग्यच होते. भाऊसाहेब धान्यासाठी आणि पैशासाठी गोविंदपंत बुंदेल्यांना पुनःपुन्हा कसे लिहीत होते, हे त्या पत्रांतूनच कळते आणि पराभवाचे खरे कारण तेथेच हाताला लागते. तथापि पानिपताच्या वार्तेने महाराष्ट्र किती हेलावला हे जाणून घ्यायचे असेल, तर बखरच उघडावी लागते.

लोकांची स्मृती तर कागदांची वाटही पाहत नाही. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झाले, असे आजही सांगितले जाते. अलीकडे संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येते म्हणून तसा समज झाला. त्या काळी ती त्याच्या तीन-चार दिवस आधीच होऊन जात असे. पूर्ण नाश झाला की ‘पानिपत झाले’ असे आपण म्हणतो, आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ या म्हणीत विश्वासरावांचे नाव अजून ऐकू येते.

बातमी आली तरी ती मनाने स्वीकारली असे नाही. नानासाहेब पेशवे पुत्रशोकाने खचून त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारले. भाऊसाहेब जिवंत आहेत, ही आशा मात्र लोकांनी सोडली नाही. तिचाच लाभ एका तोतयाने घेतला. १७७६ साली रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून त्याने ‘मीच भाऊ’ असे जाहीर केले, तेव्हा हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले व कोकणचा बराच मुलूख त्याच्या हाती गेला. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षअखेरीस पुण्यास त्याला देहान्त शासन झाले.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पतीबरोबर पानिपतास गेल्या होत्या व त्या संहारातून सुखरूप परतल्या होत्या. आपले पती हयात आहेत, असे त्या शेवटपर्यंत मानीत. १७८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी कपाळाचे कुंकू पुसले नाही.