बेचाळीस चिठ्ठ्या

सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये सोडत निघायच्या आधी एक हिशेब येतो. माझ्या मते किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या सगळ्या डिस्टोपियन कादंबऱ्यांची कसोटी त्या हिशेबात आहे.

पॅनेम नावाच्या देशात बारा जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी सोडतीने निवडायची, त्या चोवीस जणांना बंदिस्त मैदानात सोडायचं आणि एकच जण जिवंत उरेपर्यंतची कत्तल साऱ्या देशाला टीव्हीवर बघायला लावायची. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं वाढत अठराव्या वर्षी सात. इथवर कायदा सगळ्यांना सारखा. पण घरात दाणा नसेल तर सरकारने एक सोय ठेवली आहे. नावाची जादा चिठ्ठी टाका आणि एका माणसापुरतं वर्षभराचं धान्य नि तेल घेऊन जा. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी घेता येते, दरवर्षी घेता येते, आणि जुन्या चिठ्ठ्या काही रद्द होत नाहीत. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या वीस झाल्या आहेत. पाच माणसांचं घर ओढणाऱ्या अठरा वर्षांच्या गेलच्या बेचाळीस.

रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था दोनदा समजावून सांगावी लागत नाही. कॉलिन्सचं कसब असं, की गेलचा राग आधी निघतो तो महापौरांच्या मुलीवर, कारण तिच्या चिठ्ठ्या मोजक्याच. ही चाल राजधानीची आहे, गरिबाने जरा बऱ्या स्थितीतल्या माणसावर दात धरावा आणि राजधानीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये अशी, हे तो स्वतःच रानात गेल्यावर बोलून दाखवतो. तरी राग काही जात नाही. आणि मग सोडतीत नाव निघतं ते कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं. तिची चिठ्ठी एकच असते. बहिणीच्या जागी कॅटनिस पुढे होते आणि गोष्ट सुरू होते.

हे पुस्तक सप्टेंबर 2008मध्ये आलं. कॉलिन्सने सांगितलेली जन्मकथा प्रसिद्ध आहे. रात्री टीव्हीची चॅनेलं फिरवताना एकीकडे रिअॅलिटी शोमधली तरुण मुलं बक्षिसासाठी झुंजत होती, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं चालू होती, आणि थकलेल्या डोळ्यांपुढे दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. त्यात थीसियसची ग्रीक कथा आली. अथेन्सने दर काही वर्षांनी आपली तरुण मुलंमुली मिनोटॉरच्या तोंडी द्यायची, ती. कॉलिन्सचे वडील अमेरिकी हवाई दलात होते आणि व्हिएतनामला जाऊन आले होते. मला हा शेवटचा धागा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युद्धावरून परतलेला बाप ज्या घरात असतो, तिथल्या मुलीला लढाई संपल्यावरही काय उरतं ते ठाऊक असतं.

कॉलिन्सच्या आधी हा रस्ता मोकळा होता असं नाही. लोइस लोरीची ‘द गिव्हर’ 1993ची. तिच्यातल्या समाजाने दुःख पुसण्याच्या नादात रंगही पुसून टाकलेत. जपानमध्ये कौशुन ताकामीची ‘बॅटल रॉयल’ 1999मध्ये आली होती, आणि तिथेही एका वर्गातली मुलं एकमेकांना मारतात. स्कॉट वेस्टरफेल्डच्या ‘अग्लीज’मध्ये सोळाव्या वर्षी सगळ्यांना शस्त्रक्रिया करून सुंदर व्हावं लागतं. पण दुकानात या पुस्तकांना स्वतंत्र भिंत मिळाली ती ‘हंगर गेम्स’नंतर. आणि त्याच भिंतीला लागून दुसरी भिंत होती, काळ्या मुखपृष्ठांची, पिशाचांची, लांडग्यांची आणि पडलेल्या देवदूतांची. ती उभी केली होती ‘ट्वायलाइट’ने.

स्टेफनी मेयर अॅरिझोनात राहणारी तीन मुलांची आई. जून 2003मध्ये तिला स्वप्न पडलं: कुरणात एक साधी मुलगी आणि तिच्या प्रेमात पडलेला, पण तिच्या रक्ताची ओढ आवरणारा व्हॅम्पायर. ऑक्टोबर 2005मध्ये पुस्तक बाजारात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत वाढलेल्या माझ्यासारखीला तिचा नायक एडवर्ड कलन पचायला वेळ लागला. आपल्या भयकथेत अमानवी गोष्टीशी गाठ पडली की जीव वाचवून निसटायचं कसं, ही काळजी. इथे नायिकेला, बेलाला, निसटायचंच नाही. 1918च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, उन्हात चमचमणारा, कायमचा सतरा वर्षांचा मुलगा रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, आणि बेलाला ते कळतं तेव्हा ती सुखावते. मला पुस्तक तिथेच मिटावंसं वाटलं होतं. मिटलं नाही, कारण मेयरला पुढचं पान उलटायला लावता येतं. ही कला क्षुद्र नाही. तिला नाकं मुरडणाऱ्या किती लेखकांना ती साधते?

माझी खरी तक्रार चौथ्या भागाबद्दल, 2008च्या ‘ब्रेकिंग डॉन’बद्दल आहे. बेलाला व्हॅम्पायर व्हायचं तर माणूसपण सोडावं लागेल, आईवडील तुटतील, रक्ताच्या तहानेने ती कित्येक वर्षं कुणाजवळ जाऊ शकणार नाही, असं तीन पुस्तकं बजावलेलं. प्रत्यक्षात यातलं काहीच होत नाही. तहान तिला पहिल्या दिवसापासून आवरते, बाप भेटायला येत राहतो, नवरा, मूल, अमरत्व, रूप सगळं मिळतं. शेवटी बर्फात दोन फौजा समोरासमोर उभ्या राहतात, बोलणी होतात आणि सगळे घरी जातात. सिनेमावाल्यांनाही हे पटलं नसावं. त्यांनी एका पात्राच्या भविष्यदर्शनात का होईना, लढाई घुसडलीच.

माझ्या भाचीला हे मान्य नाही. ‘मावशी, पोरीने काहीतरी गमावलंच पाहिजे असा तुमचा हट्ट का? पुस्तकभर एका मुलीला नक्की ठाऊक आहे तिला काय हवंय, आणि ते तिला मिळतं. मुलांच्या साहसकथेत हे चालतं, मग इथे का खुपतं?’ या प्रश्नाचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणते, की अशा पॅरानॉर्मल प्रेमकथांमध्येही दुसरी वाट आहे. मॅगी स्टीफव्हॅटरच्या ‘शिव्हर’मधला सॅम थंडी पडली की लांडगा होतो, आणि दर वर्षी त्याचे माणूस म्हणून जगायचे महिने कमी होत जातात. तिथे थर्मामीटरचा पारा उतरला तरी वाचकाचा श्वास अडकतो.

बेलाने किंमत दिली नाही, पण कुणीतरी दिलीच. मेयरला ऊन न पडणारं गाव हवं होतं. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधून तिने वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स निवडलं, लाकूडतोडीवर जगणारं, मंदावलेलं गाव. आता तिथे दर सप्टेंबरला ‘ट्वायलाइट’चा उत्सव भरतो. फोर्क्सचं भलं झालं. पण जवळच समुद्रकाठी ला पुश इथे क्विल्युट आदिवासी राहतात, आणि मेयरने त्यांनाही कादंबरीत घेतलं. आपले पूर्वज लांडग्यांपासून घडले अशी या लोकांची खरी परंपरा आहे. कादंबरीत त्यावर व्हॅम्पायरांशी पिढीजात वैर चढलं, शिवाय सतत शर्ट काढून फिरणारी तरुण पोरं. जमातीला कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं नाव छापलेला माल जगभर खपला, तेव्हा ही माणसं त्सुनामी आली तर शाळा वाहून जाईल या चिंतेत होती, कारण शाळा अगदी किनाऱ्याला होती. 2012मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातली 785 एकर उंचावरची जमीन जमातीला दिली, आणि 2022मध्ये शाळा वर गेली. कादंबरीतल्या क्विल्युट जेकबच्या प्रेमात पडलेल्या वाचकांपैकी कितींना हे ठाऊक असेल?

‘हंगर गेम्स’च्या यशानंतर प्रकाशकांना डिस्टोपियाचं सूत्रच सापडल्यासारखं झालं. मुलगी सोळाची, सरकार तिचं भविष्य ठरवणार, ती इतरांपेक्षा वेगळी, आणि दोन मुलगे. अॅली कॉन्डीच्या ‘मॅच्ड’मध्ये सरकार जोडीदार ठरवतं, लॉरेन ऑलिव्हरच्या ‘डिलिरियम’मध्ये प्रेमालाच रोग ठरवतं. व्हेरॉनिका रॉथने ‘डायव्हर्जंट’ कॉलेजात शिकता शिकता लिहिली. तिच्या शिकागोत माणसांचे स्वभावावरून पाच गट आहेत. धाडसी ते धावत्या रेल्वेतून उड्या मारतात, हुशार ते चष्मे लावतात. हे शहर पोटाला काय खातं, कसं चालतं, असा प्रश्न मनात आला की डोलारा कोसळतो. तरी तिसऱ्या भागात रॉथने निवेदिका ट्रिसलाच मारलं. चाहते खवळले. मला मात्र तेवढ्यापुरता तिच्याबद्दल आदर वाटला. या मालिकेवरचे सिनेमे तिसऱ्यापाशी, ‘अॅलिजंट’पाशी, 2016मध्ये आपटले आणि शेवटचा भाग निघालाच नाही.

कॉलिन्सचा तिसरा भाग ‘मॉकिंगजे’ बऱ्याच जणांना आवडत नाही. रटाळ आहे म्हणतात, कॅटनिस अर्धा वेळ औषधांच्या गुंगीत असते म्हणतात. मी त्याला तिन्हींत वर ठेवते. बंडखोर जिंकतात, पण जिंकताना बॉम्ब पडतात ते मुलांवर, आणि जखमींकडे धावलेल्यांवर पुन्हा दुसऱ्यांदा. त्यात प्रिम जाते. असल्या सापळ्याची कल्पना गेलने काढलेली असते, त्या बेचाळीस चिठ्ठ्यांच्या गेलने. हा तोच बॉम्ब होता की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. मग बंडखोरांची प्रमुख कॉइन सुचवते, शेवटचे एकदा खेळ भरवू, या वेळी राजधानीची मुलं घालू. कॅटनिस होकार देते, आणि जुन्या अध्यक्षाला मारायची वेळ येते तेव्हा बाण सोडते कॉइनवर. उपसंहारात तिला मुलं झालेली आहेत आणि वाईट स्वप्नंही थांबलेली नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या पुस्तकात विजयाचं असं चित्र काढायला धारिष्ट लागतं.

या मालिकेतली एक खूण पुस्तकाबाहेर पडली. कॅटनिस बहिणीच्या जागी उभी राहते तेव्हा जिल्ह्यातले लोक टाळ्या न वाजवता डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून तिच्या दिशेने उचलतात. आभार, कौतुक आणि जिवलगाचा निरोप असं सगळं त्यात आहे. मे 2014मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि बँकॉकच्या रस्त्यांवर तीन बोटं दिसू लागली. नोव्हेंबरात खोन केन इथे पाच विद्यार्थ्यांनी पंतप्रधान झालेल्या जनरलसमोर हात उंचावले, त्यांना ताब्यात घेतलं गेलं. 2021मध्ये म्यानमारमध्ये सत्तापालट झाला, तेव्हा त्या देशाच्या राजदूताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तीच तीन बोटं धरली. पोरांची पुस्तकं म्हणून हसणाऱ्यांना मी हे सांगते.

आपल्याकडे फास्टर फेणेच्या वयातून मूल बाहेर पडलं की एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जाऊन पडतं. मधल्या पाच-सहा वर्षांसाठी मराठीत फार थोडं आहे. म्हणून ही मुलं इंग्रजीत जातात, आणि तिथे हल्ली ड्रॅगन, परीराजे आणि तलवारींचा प्रणय यांचा जोर आहे. एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने माझ्याकडे पुस्तक मागितलं तर मी कॉलिन्सनंतर चेरी डिमलाइनची ‘द मॅरो थीव्ह्ज’ देईन. ही कॅनडातल्या मेटी या मूळ रहिवासी समाजातली लेखिका, पुस्तक 2017चं. हवामान बिघडलेल्या त्या जगात बाकीच्या माणसांना स्वप्नं पडेनाशी झाली आहेत, आणि मूळ रहिवाशांच्या अस्थिमज्जेतून स्वप्नं काढता येतात म्हणून त्यांची शिकार चालू आहे. पकडलेल्यांना नेतात त्या जागांना ‘शाळा’ म्हणतात. हे नाव डिमलाइनला शोधावं लागलं नाही. कॅनडात मूळ रहिवाशांची मुलं घरून उचलून निवासी शाळांत कोंडायची, त्यांची भाषा मारून काढायची, हे 1990च्या दशकापर्यंत चाललं होतं. कादंबरीत मिनर्व्हा नावाची म्हातारी असते. बरोबरच्या मुलांना ती सांभाळायचं ओझं वाटावी अशी. तिला धरून नेतात, यंत्राला जोडतात, आणि ती आपल्या भाषेत गाऊ लागते. यंत्र बंद पडतं.