उघड्यावरील पहिली रात्र

बैर-शेबाहून हारानाकडे निघालेल्या याकोबानें सूर्य मावळल्यावर वाटेंतला एक धोंडा उशास घेतला आणि उघड्यावर एकट्यानें रात्र काढली. त्या वेळीं काठीखेरीज आपल्याजवळ कांहीं नव्हतें, असें त्यानेंच पुढें म्हटलें आहे. अल्प खर्चांत एकट्यानें केलेल्या मुक्कामाचें याहून जुनें उदाहरण आमच्या वाचकांस क्वचितच ठाऊक असेल. हल्लीं या गोष्टीस ‘कॅम्पिंग’ असें नांव पडलें असून तिच्या सामानाचीं खास दुकानें निघालीं आहेत; त्यामुळें ज्याच्या खिशांत हजार-दोन हजार रुपयेच आहेत अशा तरुणाची समजूत होते कीं, हें आपलें काम नव्हे. ही समजूत चुकीची तर आहेच, पण दुसऱ्या बाजूनें ती घातकही आहे. कारण भारी सामान घेतलें म्हणजे आपण सुरक्षित झालों, असें तिच्यामुळेंच वाटूं लागतें.

वास्तविक छंद म्हणून राहुटींत राहण्याची प्रथा इंग्लंडांत रूढ करणारे टॉमस हायरम होल्डिंग हे धंद्यानें शिंपी होते. सायकलवर राहुटी बांधून फिरणाऱ्यांचा संघ त्यांनीं १९०१ सालीं काढला व १९०८ सालीं या विषयावर एक पुस्तक लिहिलें. (प्रेषित पौलही तंबू करण्याचा धंदा करीत असे, हें येथें सहज आठवतें.) हा छंद सुईदोऱ्यापासून निघाला आहे, थैलीपासून नव्हे.

पुणें किंवा मुंबई येथील नवख्यास मी राजमाची सुचवितों. लोणावळ्यापर्यंत आगगाडीनें जावें. तेथून सुमारें १५ किलोमीटर वाट बहुतेक सपाटीची आहे, आणि चार-पांच तासांत मनुष्य उधेवाडी या गांवीं पोहोंचतो. वर श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. कर्जतच्या बाजूनें कोंढाण्याच्या लेण्यांवरून येणारी वाट अधिक सुंदर, परंतु खडी चढणीची आहे. एकट्यानें प्रथमच जाणाऱ्यानें ती दुसऱ्या खेपेसाठीं ठेवावी. उधेवाडीची निवड करण्याचें खरें कारण किल्ला नव्हे, तर गांव हें आहे. तेथें घरगुती पिठलें-भाकरी मिळते, म्हणून चूल व भांडीं पाठीवर न्यावीं लागत नाहींत. आणि रात्रीं कांहीं झालें तर हांकेच्या अंतरावर माणसें असतात. ज्याच्या शेतांत राहुटी ठोकावयाची त्याची परवानगी आधीं घ्यावी व तो मागेल तें भाडें द्यावें. येथें घासाघीस करणें हें काटकसरीचें लक्षण नव्हे.

आतां रात्रीविषयीं. नवखा मनुष्य पांघरुणाची काळजी करतो आणि अंथरुणाकडे दुर्लक्ष करतो. पांघरूण ऊब देतें तें त्याच्या धाग्यांत अडकून राहिलेल्या हवेमुळें. स्थिर हवा उष्णतेस सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. परंतु अंगाखालीं दाबलें गेलेलें कापड चपटें होऊन त्यांतील हवा निघून जाते, आणि गार जमीन अंगांतील उष्णता सारखी ओढून घेते. म्हणून दोन घोंगड्या असतील तर त्यांपैकीं जाड ती खालीं घालावी. जमीनमालकाकडून पेंढ्याची एखादी पेंढी मागून राहुटीखालीं पसरली तर किंमती गादीचें काम ती पुष्कळ अंशीं करते.

जागेचेंही असेंच आहे. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्यानें थंड होते. तिला लागलेली हवाही थंड व जड होऊन पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खळग्यांत सांचते. सांयकाळीं जो खोलगट भाग वाऱ्यापासून आडोशाचा म्हणून आवडतो, तोच पहांटे सर्वांत गार व दंवानें भिजलेला असतो. किंचित् उंच, सपाट जागा घ्यावी. राहुटीचें दार वा खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहींतर आपल्याच श्वासांतील वाफ थंड कापडावर जमून आंतून ठिबकते, आणि बिचारा नवखा राहुटी गळते म्हणून दुकानदारास दोष देतो.

पैसे कोठें वाचवूं नयेत, हेंही सांगितलें पाहिजे. उघड्या ताडपत्रीखालीं जमिनीवर निजण्याचा सल्ला मी देणार नाहीं. मण्यार हा साप रात्रीं हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसांस चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं. म्हणून जिला तळ शिवलेला आहे व जिचें दार सांखळीनें पुरतें बंद होतें अशीच राहुटी घ्यावी, मग ती भाड्याची कां असेना. हवेसाठीं जी फट ठेवावयाची तिला जाळी असावी. थंडी कितीही वाजो, शेगडी किंवा निखारे राहुटींत नेऊं नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. झोंपलेल्यास तो उठूं देत नाहीं.

एकट्यानें जाण्यास माझी हरकत नाहीं, पण तो मनुष्य शाळा सोडून सज्ञान झालेला असावा, आणि त्यानें घरीं एक कागद लिहून ठेवावा: कोणत्या वाटेनें जाणार, कोठें राहणार, कोणत्या वेळेपर्यंत परत येणार, आणि ती वेळ टळल्यावर किती तासांनीं शोध सुरू करावा. डोंगरांत मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळत नाहीं. ११२ हा आपत्तीचा क्रमांक पाठ असला तरी तो लागेलच असें नाहीं. अशा वेळीं हा कागदच काय तो बोलतो. मुलाच्या स्वातंत्र्यावर हें बंधन नव्हे. त्याच्या आईची झोंप मोडूं नये एवढ्यासाठींच तें आहे.

निघण्यापूर्वीं राहुटी घराच्या अंगणांत किंवा गच्चीवर एकदां अंधारांत उभारून पाहावी व तींत एक रात्र निजावें. आणि परत आल्यावर ती उन्हांत पुरती वाळवून मगच गुंडाळावी. ओली ठेवल्यास तिला बुरशी धरते, आणि राहुटी भाड्याची असेल तर अनामत रक्कम परत मिळत नाहीं.