लांबचं जवळ आणताना

शाळेच्या गॅदरिंगला आपलं लेकरू नेमकं स्टेजच्या कोपऱ्यात उभं असतं आणि आपण असतो सतरंजीवर, मागून तिसऱ्या रांगेत. मोबाइल उंच करून फोटो काढायचा, घरी आल्यावर दोन बोटांनी मोठा करून बघायचा, तर लेकराच्या तोंडाच्या जागी नुसता भुरकट ठिपका! मैत्रिणींनो, हा अनुभव तुम्हालाही असेलच. मला तो इतक्यांदा आला, की शेवटी भाच्याच्या मागे लागून त्याचा जुना कॅमेरा मी विकतच घेतला. कॅननचा एसएक्स ५० एचएस, २०१२ साली बाजारात आलेला. ‘हातात मोबाइल असताना हे धूड कशाला?’ हा प्रश्न आमच्या घरातही झाला.

त्याचं उत्तर लेन्समध्ये आहे. साधा मोबाइल लांबचं दाखवतो तेव्हा बहुतेक वेळा चित्रच ताणून मोठं करतो. हा डिजिटल झूम. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालावं तसं. वाट्या भरतात, चव जाते. महागड्या मोबाइलमध्ये आता खरी झूमची लेन्स असते, पण ती थोड्याच पटींची. या कॅमेऱ्यात मात्र काचा खरोखर पुढेमागे सरकतात. हा ऑप्टिकल झूम, आणि माझ्याकडे तो ५० पट आहे. पुढे निकॉनने २०१५ साली ८३ पटींचा पी ९०० आणि २०१८ साली १२५ पटींचा पी १००० आणला. पण त्या पी १००० चं वजन १४०० ग्रॅमच्या वर! खांद्याला पर्स, हातात पिशवी आणि कडेवर लेकरू असलेल्या बाईने तो अडकवायचा कुठे? माझा सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर आहे. मला तोच बरा.

पहिले पंधरा दिवस एक फोटो धड आला नाही. झूम जितका जास्त, तितकं हाताचं थरथरणंही मोठं होऊन दिसतं. लेन्सच्या आत तो थरथराट सावरणारी सोय असते, ती चालू ठेवायची. स्टँडवर लावला तर मात्र बंद करायची. पण खरा उपाय आपल्याच अंगात आहे. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, भिंतीला नाहीतर खांबाला पाठ टेकायची, आणि पडद्याकडे न बघता मागच्या छोट्या खिडकीला डोळा लावायचा, म्हणजे कॅमेऱ्याला कपाळाचाही आधार मिळतो. बटण आधी अर्धंच दाबायचं, चित्र स्पष्ट झालं की मग पूर्ण.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला हे सगळं करूनही फसगत होते. या कॅमेऱ्यांतली उजेड टिपणारी चकती करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते आणि पूर्ण झूम केल्यावर लेन्समधून उजेड पावपटच आत येतो. मग फोटोवर रवा पसरल्यासारखे दाणे दिसतात. तिथे झूम कमी करून सरळ उठून पुढे जावं. आणि मागच्या रांगेतून फ्लॅश मारू नये. तो स्टेजपर्यंत पोचत नाही, पुढच्या बायकांचे अंबाडे तेवढे उजळतात.

कॅमेऱ्याची खरी मजा कळली ती जायकवाडीला. नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, पण आमच्या बचत गटातल्या निम्म्या जणींनी पैठणला नाथांच्या समाधीपलीकडे काही पाहिलेलंच नव्हतं. हिवाळ्याची सकाळ होती. पाण्यात लांबवर गुलाबी रेघ दिसत होती. एक काकू म्हणाल्या, ‘कुणी लुगडी वाळत घातलीत का गं?’ मी झूम केला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. चोच उलटी करून चिखल गाळणारे रोहित पक्षी! मग सगळ्याच जणी कॅमेऱ्याभोवती गोळा. पक्षी चौकटीतून निसटला की पुन्हा सापडत नाही, त्यासाठी लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून ठेवलं की चित्र लांब जातं, पक्षी शोधायचा, बोट काढलं की पुन्हा जवळ. दुपार झाली आणि ऊन तापलं तसं चित्र पाण्यासारखं हलायला लागलं. तो दोष तापलेल्या हवेचा, त्यावर कुठलंच बटण नाही. लांबचे फोटो सकाळीच काढावेत.

मग मला हावच सुटली. लासूर स्टेशनला कांद्याचा हंगाम म्हणजे जत्राच. एका गच्चीवरून मी कांदा निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढले. एक जण चहाची बशी हातात धरून खळखळून हसत होती, पदर खांद्यावर पडलेला. इतका जिवंत फोटो मी आजवर काढला नव्हता. आठ मार्चच्या कार्यक्रमात तो मोठा करून लावला. सगळ्यांनी वाहवा केली.

चौथ्या दिवशी कळलं, तिने घरी शिवणक्लासला जाते असं सांगितलं होतं. नवऱ्याला बायकोने मजुरीला गेलेलं कमीपणाचं वाटायचं. दिराने फोटो पाहिला आणि कामही सुटलं, घरात बोलणंही बंद झालं. महिलांच्या हक्कांवर भाषणं देणारी मी, तिच्या दारात उभं राहायला दोन दिवस घेतले. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘ताई, समोर येऊन विचारलं असतं तर मी नको म्हणले असते.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पक्ष्याच्या जवळ गेलं तर तो उडून जातो म्हणून लांबून काढायचा. हिच्यापर्यंत तर मी नुसता रस्ता ओलांडायचा होता. फोटो मी कार्यक्रमातून काढला, कार्डावरूनही पुसला. तिच्या नवऱ्याशी दोनदा बोलले, सासूशी तीनदा. दिवाळीनंतर ती पुन्हा कामाला लागली, या वेळी घरी सांगून.

यंदा शाळेच्या खेळांच्या दिवशी तीच माझ्याजवळ आली. ‘ताई, कॅमेरा आणलाय ना? माझ्या पोरीची धावण्याची शर्यत आहे. पण लांबूनच काढा, कॅमेरा दिसला की ती बुजते.’ मी मैदानाच्या कडेला लिंबाला टेकून उभी राहिले. पोरगी दुसरी आली. फोटोत तिचे दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले आहेत आणि रिबीन सुटलीय. दोन प्रती काढल्या. एक तिच्या घरी देवघराशेजारी लावलीय, दुसरी तिने माहेरी पाठवली.