लाकडी बांगडा ताजा दिसावा म्हणून

सख्यांनो, पेंढा भरलेल्या माशाचं कातडं वाळलं की रंग उडतो. संग्रहालयात दिसते ती सगळी रंगाऱ्याची करामत. आपल्या लाकडी बांगड्याचंही तसंच. आमच्या गटाने पहिले बांगडे बाजारातली टोपली बघून रंगवले. मासेवाली मावशी म्हणाली, "अगं, हे शिळे!" दुकानदारानेही परत पाठवले. ताज्या बांगड्याच्या पाठीवरच्या लांब रेघा सोनेरी असतात, नंतर काळपटतात. आम्ही काळ्याच काढल्या होत्या. म्हणून नमुना होडीवरून आणा.

पांढऱ्या अस्तरावर आधी चंदेरी, मग पाठीला निळा-हिरवा. पातळच लावा, दोन-तीन हात. जाड रंगाने कोरलेले खवले बुजतात. पाठ-पोटाच्या मध्ये कड दिसू नये, ओल्यातच स्पंजने टिपा. बाजूच्या पराखालचा काळा ठिपका विसरू नका. डोळा शेवटी. वर चकचकीत वार्निश, म्हणजे मासा ओला दिसतो.