कागद-गिरणीचे सांडपाणी व मत्स्यप्रजनन

कागद-गिरणीच्या सांडपाण्याने नदीतील मासे मरतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या मरणाचे कारणही बहुधा साधेच असते. लगद्यातून निसटलेले तंतू तळाशी बसून कुजतात. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर जंतू पोसले जातात. त्यांच्या श्वसनात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडून मासे गुदमरतात. लाकडातील राळेची आम्ले तर माशांना प्रत्यक्षच विषारी असतात. प्राणवायूचा हा व्यय मोजण्याची रीत रूढ आहे. इतरत्र बहुधा 20 अंश सेल्सियस तपमानात 5 दिवस, तर आपल्याकडे 27 अंशांत 3 दिवस नमुना ठेवून तो मोजतात. हा आकडा उतरला की पाणी निर्दोष मानण्याकडे पुष्कळांचा कल असतो. तो कितपत युक्त आहे, याची परीक्षा कॅनडात झाली.

टेरेस बे येथील गिरणीत 1948 पासून क्राफ्ट पद्धतीने लगदा तयार होऊ लागला. तिचे सांडपाणी ब्लॅकबर्ड ओढ्यावाटे सुपीरिअर सरोवराच्या जॅकफिश उपसागरात जाई. 1988 च्या सुमारास मंकिट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ‘व्हाइट सकर’ जातीचे मासे तपासले. मासे जिवंत होते, पोहत होते. परंतु त्यांच्या जननग्रंथी लहान, यकृते मोठी व रक्तातील लैंगिक संप्रेरके अल्प असून त्यांना प्रौढत्वही उशिरा येत होते.

1989 मध्ये गिरणीने जैव शुद्धीकरणाची योजना केली. सांडपाण्याची तीव्र विषाक्तता त्याने घटली. संप्रेरकांची उणीव मात्र पुढील पाहण्यांतही आढळली. प्रथम संशय विरंजनासाठी वापरलेल्या क्लोरीनवर होता, आणि क्लोरीनयुक्त संयुगांचा इतिहास पाहता तो गैर नव्हता. परंतु क्लोरीन न वापरणाऱ्या गिरण्यांखालील माशांतही तसेच विकार दिसल्याने, लगदा शिजविताना लाकडातूनच सुटणाऱ्या द्रव्यांकडे लक्ष वळले. गिरणी दुरुस्तीसाठी काही दिवस बंद असता यकृतातील वाढलेली एन्झाइमांची क्रिया त्वरित मंदावली. यावरून निदान त्या क्रियेस कारण होणारी द्रव्ये माशाच्या देहात फार काळ टिकत नसावीत, असे वाटते.

कॅनडाने 1992 मध्ये केलेल्या नियमांत प्राणवायूच्या व्ययाची मर्यादा आहेच. त्याखेरीज गिरणीखालच्या प्रवाहातील माशांच्या जननग्रंथींचे व यकृताचे वजन करणे आणि तळाच्या गाळातील अपृष्ठवंशीय प्राण्यांची मोजदाद ठेवणे, ही कामे गिरण्यांकडेच सोपविली आहेत.