स्वस्त दारू ओळखायची कशावरून?

घोटाचा हिशेब : लेखांक ६

महाराष्ट्रात सर्वांत स्वस्त पिण्याजोगी दारू कोणती, हे साध्या त्रैराशिकाने सांगता येतं. जून २०२५ च्या करवाढीच्या वेळी १८० मिलिलिटरच्या पव्व्याचे किमान दर जाहीर झाले: देशी ८० रुपये, धान्यापासूनची नवी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५ आणि उंची विदेशी ३६०. पंचवीस यूपीची (अंडर प्रूफ) देशी घ्या किंवा नेहमीची व्हिस्की, दोन्हींत मद्यार्क ४२.८ टक्केच, म्हणजे पव्व्यात सुमारे ७७ मिलिलिटर. देशीत तो मिलिलिटरला रुपयाच्या जरा वर पडतो, विदेशीत अडीच रुपयांच्याही पुढे जातो. स्वस्त रम-व्हिस्कीचा पायाही बहुधा साखर कारखान्याच्या मळीचाच असतो. वरचे पैसे जातात कराला, रंगाला, वासाला आणि लेबलावरच्या ऐटीला. तेव्हा खिसा हलका असेल तर सीलबंद देशी संत्रा घेण्यात कमीपणा कसला? यकृताला दोन्ही सारख्याच. ते लेबल वाचत नाही.

वर्धा जिल्ह्यात मात्र हे गणित पहिल्याच पायरीला अडतं, कारण इथे दुकानच नाही. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, पुढे विनोबांनी पवनारला आश्रम केला. त्या वारशापोटी सत्तरच्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. वर्धा नदीच्या पल्याड अमरावती आणि यवतमाळ, वर नागपूर, आणि २०२१ मध्ये बंदी उठल्यापासून खाली चंद्रपूरही मोकळं. तिकडचा पव्वा चोरून इकडे येतो तेव्हा त्याची किंमत आणणाऱ्याच्या जोखमीवर ठरते. मग रोजमजुरी करणाऱ्याला परवडते ती पन्नीतली मोहाची. माझं म्हणणं एवढंच, की इथे भावावरून काही कळत नाही आणि जिभेवरूनही नाही. स्वस्त दारू निदान विषारी नाही याची हमी मिळते ती कोणी गाळली, कुठे भरली हे ठाऊक असण्यातून, आणि बंदीच्या बाजारात नेमकं तेच लपवलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मोहाची दारू नैसर्गिक, आजा-पणजाने प्यायली, त्यांना काय झालं? आक्षेपात तथ्य आहे. मोहफुलांत साखर भरपूर. त्यांचा गूळ घालून केलेला सडवा आंबवून गाळला तर विषारी मिथेनॉल फारसं तयार होत नाही. नवसागर टाकणं वाईटच, पण सामूहिक मृत्यू त्याने होत नाहीत. ते होतात कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकल्याने. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती यानेच. गुजरातेत बोटादला जुलै २०२२ मध्येही तेच. पोलिसांच्या ‘वॉश आऊट’ मोहिमेत सडव्याचे ड्रम उपडे झाले, की पुढची खेप आंबायची वाट न पाहता हेच मिथेनॉल मिसळून माल वाढवण्याचा मोह विकणाऱ्याला होणार, हा तर्क कठोर वाटला तरी सोडता येत नाही. आजाच्या वेळी भट्टी कोणाची हे गावाला माहीत असे. आज पन्नी तिसऱ्या हाताने येते.

दुसरा आक्षेप घरगुती परीक्षांचा. काडी लावली, निळी ज्योत आली, म्हणजे माल अस्सल. पण मिथेनॉलही फिक्या निळ्या ज्योतीनेच जळतं. चव आणि वास जवळजवळ सारखा. ‘काल मित्राने घेतली, ठणठणीत आहे’ हा पुरावा तर सर्वांत कच्चा. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो, सोबत साधा मद्यार्क असेल तर आणखी. त्रास बारा-चोवीस तासांनी, कधी त्याहून उशिरा उमटतो. सीलबंद मालातही रिकाम्या बाटल्या पुन्हा भरलेल्या असण्याचा धोका असतोच. बूच, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचं नाव पाहावं, पण चोरट्या मालात त्यावर किती विसंबायचं याला मर्यादा आहे.

मग बंदी उठवली की प्रश्न मिटेल? तामिळनाडूत सरकारच दारूची दुकानं चालवतं, तरी जून २०२४ मध्ये कळ्ळकुरिचीला साठहून अधिक माणसं दगावली, कारण अवैध पुडी दुकानातल्या बाटलीपेक्षा स्वस्त होती. म्हणजे दोष एकट्या बंदीचा नाही. कायदेशीर आणि बेकायदा दारूच्या भावातली दरी विषारी दारूला पोसते. करवाढ करताना हा हिशेब मांडायला हवा होता. बंदीचा आपला वेगळा दोष रुग्णालयाच्या दारात दिसतो. धुक्यातून पाहिल्यासारखं दिसू लागणं, पोटात मुरडा, ओकाऱ्या, धाप ही लक्षणं ‘उतरली नाही’ म्हणून घरीच अंगावर काढली जातात, आणि गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने काय प्यायलं ते कोणी सांगत नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. डायलिसिस वेळेत झालं तर डोळे आणि जीव वाचू शकतात. त्यासाठी डॉक्टरला पहिल्या तासात खरं कळायला हवं.