शरीर आणि यंत्र (भाग ११) : दोन आडनावांची माणसं

गेल्या भागात स्टेंटची, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, गोष्ट सांगताना हुलिओ पाल्मास यांचं नाव आलं होतं. १९४५ साली अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात जन्मलेले हे डॉक्टर पुढे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत स्थिरावले. फुग्यानं फुलवायच्या त्यांच्या स्टेंटला १९८८ मध्ये पेटंट मिळालं. त्याच देशाचे दोमिंगो लिओता यांनी घडवलेलं कृत्रिम हृदय १९६९ मध्ये ह्यूस्टनला डेंटन कूली यांनी एका रुग्णाच्या छातीत बसवलं होतं. एवढं वाचून वाटेल, की वैद्यकीय अभियांत्रिकीत लॅटिन अमेरिकी माणसांची चलती असणार.

तसं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ मधल्या अहवालानुसार अमेरिकेतल्या एकूण नोकरदारांत हिस्पॅनिक लोक १७ टक्के, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांत जेमतेम ८ टक्के होते. शिवाय पाल्मास आणि लिओता हे मायदेशातून डॉक्टर होऊन आलेले. कॅलिफोर्नियातल्या मळ्यावर राबणाऱ्या आईबापांच्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. त्या डॉक्टरांना आणि या मुलीला एका रांगेत बसवून ‘बघा, जमतं की’ म्हणणं मला लबाडीचं वाटतं.

इथं शब्दांचा थोडा गुंता सोडवू. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेला, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेशी. म्हणून ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही. माद्रिदचा हिस्पॅनिक, पण लॅटिनो नाही. स्पॅनिशमध्ये नामांना दोनच लिंगं. मराठीसारखं ‘ते’ म्हणून सुटता येत नाही. म्हणून ‘लॅटिनो’ की ‘लॅटिना’ हा भेद टाळणारा ‘लॅटिनएक्स’ हा शब्द निघाला आणि विद्यापीठांच्या वर्तुळात रुजला. सामान्य माणसांनी तो फारसा उचलला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फक्त ३ टक्के हिस्पॅनिकांनी तो स्वतःसाठी वापरत असल्याचं सांगितलं.

तरी तोच शब्द नावात घेऊन ब्रायन आग्वादो आणि आना मारिया पोर्रास या दोन बायोमेडिकल इंजिनिअरांनी एक समूह उभा केला. त्याविषयी २०२० मध्ये त्यांनी ‘नेचर रिव्ह्यूज मटेरियल्स’ या नियतकालिकात लिहिलं. आग्वादो सॅन डिएगोला हृदयाच्या झडपांचा आजार बायकांत आणि पुरुषांत वेगळा का वागतो ते शोधतात. फ्लोरिडात शिकवणाऱ्या पोर्रास क्रोशानं सूक्ष्मजंतू विणतात आणि त्यांची माहिती स्पॅनिश व इंग्रजीत सांगतात. अशा गटांची परंपरा जुनीच. शास्त्रज्ञांची ‘साकनास’ १९७३ ची, तर हिस्पॅनिक इंजिनिअरांची संस्था १९७४ मध्ये लॉस एंजेलिस महापालिकेतल्या काही अभियंत्यांनी काढलेली.

मग एवढ्या एका शाखेतल्या लॅटिनो संशोधकांनी वेगळा परिसंवाद भरवायचा कशाला? शोधनिबंध तर कुठल्याही अधिवेशनात वाचता येतात. खरं सांगायचं तर अशा मेळाव्यात निबंध हे निमित्त असतं. मुख्य काम चालतं पोस्टरपाशी आणि जेवणाच्या टेबलावर.

उदाहरणादाखल ‘चॉक टॉक’ घ्या. अमेरिकेत प्राध्यापकीच्या मुलाखतीत उमेदवाराला स्लाइड बाजूला ठेवून फळ्यासमोर उभं करतात. पुढच्या पाच वर्षांत प्रयोगशाळेत काय करणार, पैसा कुठून आणणार, ते बोल म्हणतात. वाक्य पुरं व्हायच्या आत प्रश्न येतात. हा प्रकार बहुधा बंद दाराआड, फक्त प्राध्यापकांसमोर चालतो. त्यामुळे कित्येकांना चॉक टॉक पहिल्यांदा दिसतो तो स्वतःचाच. ज्याचा गाइड जवळचा, त्याला तालीम मिळते. बाकीच्यांचं नशीब. तीच गोष्ट नव्या प्राध्यापकाला प्रयोगशाळा उभारायला मिळणाऱ्या रकमेची. तिच्यावर घासाघीस करायची असते, हे कुणी सांगितलेलंच नसेल तर माणूस पहिल्या आकड्यालाच मान डोलावतो. शिफारसपत्र कुणाकडून घ्यावं, अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला तर पुन्हा कधी भरावा, हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते ओळखीतून झिरपतं. विभागात एकटाच लॅटिनो असलेल्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोचायला अशी जागा लागते.

आणखी एक अडचण नावांची. स्पॅनिश रिवाजानुसार माणसाला दोन आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं. इंग्रजी सूची शेवटचा शब्द आडनाव धरते, म्हणजे वडिलांचं आडनाव मधलं नाव होऊन बसतं. एकाच माणसाचे निबंध दोन-तीन नावांखाली विखुरतात. म्हणून पुष्कळजण दोन्ही आडनावं आडव्या रेघेनं जोडतात. पासपोर्टवर वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात गेलं म्हणून घोळ झालेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

अशा मेळाव्यांपुढे आता वेगळीच अडचण आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी विविधता आणि समावेशनाच्या सरकारी कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले. पाठोपाठ अनेक विद्यापीठांनी असे उपक्रम आवरले किंवा त्यांची नावं बदलली. नाव बदलून मेळावा भरवता येईल. त्यासाठी प्रवासखर्च देणारं कुणी उरलं नाही, तर विद्यार्थी यायचा कसा?

पुढच्या भागात डायलिसिसच्या यंत्राकडे वळू. तोवर ओळखीतलं कुणी अमेरिकेत पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर चॉक टॉक कधी पाहिलाय का, एवढं विचारून बघा.